विशारद झाला, पण दुसऱ्यांदा बोलावणं येत नाही

मुलगा संगीतात करिअर करायचं म्हणतो तेव्हा आईवडील विचारतात, "यावर पोट भरेल का?" आणि मुलगा विचारतो, "माझ्यात तेवढं आहे का?" समुपदेशनात हे दोन्ही प्रश्न मला सारखे भेटतात. निखिलच्या बाबतीत (नाव बदललं आहे) दोन्ही एकाच वेळी समोर आले.

निखिल मूळचा इचलकरंजीचा, पुण्यात खोली घेऊन राहणारा तबलजी. गांधर्व महाविद्यालय मंडळाची विशारद ही संगीताची परीक्षा पूर्ण झालेली, रियाज रोजचा. कार्यक्रम मिळायचे, टाळ्याही मिळायच्या, पण एकदा बोलावलेला गायक पुन्हा फोन करायचा नाही. सोबत आलेली आई म्हणाली, "बँकेच्या परीक्षांचं वय निघून चाललंय हो मॅडम." निखिलने तर निकालच लावून टाकला होता: आपल्याला दैवी देणगी नाही आणि वरपर्यंत ओळखही नाही.

या 'देणगी'च्या बोलण्याची मला काळजी वाटते. देणगी नाही म्हटलं की करण्यासारखं काही उरतच नाही. हात किती तयार आहे ते त्याच्या गुरुजींनी सांगावं. मी त्याला शेवटचा कार्यक्रम पहिल्यापासून सांगायला लावला.

"गायिकेची पट्टी कोणती होती?"

"काळी पाच."

"आणि तू तबला कोणता नेलास?"

"काळी चारचा. म्हटलं, तिथे चढवून घेऊ."

पट्टी म्हणजे गाणाऱ्याचा मूळ सूर, आणि काळी पाच ही काळी चारपेक्षा चढी. पुडी (तबल्यावरचं चामडं) फाटेल या भीतीने तबला पुरता चढलाच नाही. हातोडी घेऊन गठ्ठे (सूर लावायचे लाकडी ठोकळे) ठोकण्यात वेळ गेला, ख्याल सुरू झाल्यावरही तबला उतरत राहिला आणि बाईंना मधे थांबावं लागलं. आदल्या दिवशी फोन करून पट्टी विचारायचं त्याला सुचलंच नव्हतं. त्याच्या रियाजात कमी नव्हती. कमी होती ती दुसऱ्याच्या गाण्याची जबाबदारी घेण्यात.

मग मी त्याला एक अवघड काम दिलं: त्या मैफलीतल्या ज्येष्ठ पेटीवादकांना फोन करायचा, काय खटकलं ते विचारायचं आणि स्वतःची बाजू मांडायची नाही. त्याने ते केलं, याचं मला फार कौतुक वाटतं. उत्तर मिळालं, "वाजवतोस छान रे, पण विलंबितात बाई आलापी करत असतात आणि तू मधेच तिहाया घेतोस. त्यांना सम शोधत बसावं लागतं."

विलंबित म्हणजे संथ लय; तिहाई म्हणजे तीनदा वाजवून समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, आणलेला तुकडा. हे ऐकून तो खचला. पण याच बोलण्यात त्याच्या हातातलं काहीतरी होतं. अहमदजान थिरकवांसारखा एकल तबलावादनाचा बादशहासुद्धा गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांना साथ करत होता. वसंतराव आचरेकरांनी कुमार गंधर्वांना केलेल्या साथीची ध्वनिमुद्रणं ऐक, असं मी त्याला सुचवलं. त्यात तबल्याकडे लक्ष दे, आणि तबलजी कुठे थांबतो तेही टिपून ठेव. विलंबित एकतालाचा नुसता ठेका, म्हणजे तालाचे मूळ बोल, अर्धा तास, एकही जादा बोल न घेता धरायचा, हा रियाज त्याच्या गुरुजींनी लावून दिला. निखिल म्हणतो, कायदे-रेल्यांपेक्षा, म्हणजे एकल वादनातल्या रचनांपेक्षा, हे कठीण आहे. मला ते पटतं. त्यासाठी संयम लागतो, आणि टाळी आपल्याला नाही हे मान्य करावं लागतं.

बाकीच्या गोष्टी सवयीच्या होत्या: तासभर आधी पोहोचणं, फोन उचलणं, मानधन आधीच स्पष्ट बोलून घेणं. शेवटची त्याला सगळ्यात जड गेली, कारण पैशाबद्दल बोलणं त्याला कलेचा अपमान वाटायचा. खोलीचं भाडं भरणाऱ्या कलाकाराला हा संकोच परवडत नाही.

आईची काळजीही खोटी नव्हती. तिला वचन नको होतं, दरमहा येणारी रक्कम दिसायला हवी होती. निखिलने एका कथकच्या वर्गाला साथ करायला सुरुवात केली आणि संध्याकाळी मुलांच्या शिकवण्या घेतल्या. पैसे बेताचेच, पण ठरल्या तारखेला येतात. शिवाय रोज वेगळ्या पायांबरोबर वाजवताना समोरच्याकडे बघायची सवय लागते.

आता आकाशवाणीच्या ऑडिशनची तयारी चालू आहे. एका तरुण गायकाने त्याला पुन्हा बोलावलं. काळी पाचच्या त्या बाईंचा फोन मात्र अजून आलेला नाही. आईने बँकेचा फॉर्म भरायला लावला, त्यालाही तो या वेळी नाही म्हणाला नाही.