सागाचे लाकूड किती वर्षांत तयार होते आणि हवामानाने त्यात काय फरक पडतो?

निफाडजवळच्या काळ्या जमिनीत ठिबकवर साग लावला तर तो 15 वर्षांत विकता येईल का, आणि परदेशात हेच झाड इतक्या लवकर कसे तयार होते, असे आपण विचारले आहे. माझे मत स्पष्ट आहे: त्या जमिनीत साग लावू नये.

नव्वदच्या दशकात साग लागवडीच्या योजनांच्या जाहिराती जोरात होत्या. माझ्या थोरल्या चुलत्यांनी अशाच एका योजनेची रोपे घेऊन ती द्राक्षबागेशेजारच्या भारी जमिनीत लावली, तर वडिलांनी पेठ तालुक्यातील आमच्या उतारावर सागजड्या, म्हणजे शेंडा आणि मुळे छाटलेली सागाची रोपे, लावल्या. लाकूड पाण्याने तयार होते की काळाने, हा दोघा भावांचा वाद अखेरपर्यंत मिटला नाही. चुलत्यांची झाडे सुरुवातीला सरसर वाढली आणि घरात वडिलांना पुष्कळ ऐकून घ्यावे लागले. परंतु पावसाळ्यात तेथे पाणी साचून मुळे गुदमरत, शेंडे वाळत, आणि प्रत्येक झाडाचे पैसे आधीच मोजून ठेवल्यामुळे चुलते विरळणी, म्हणजे दाटीतली काही झाडे काढून उरलेल्यांना जागा देणे, करू देत नसत. शेवटी झाडे तोडली तेव्हा वखारवाल्याने ओंडक्याचे तोंड पाहूनच वाशांचा भाव सांगितला, कारण आत गाभा, म्हणजे मधले गडद टिकाऊ लाकूड, जेमतेम मुठीएवढा होता आणि बाकी सारे वाळवीला बळी पडणारे पांढरे लाकूड होते. वडिलांचे साग आजही सरळ उभे आहेत, आणि त्यांचेच म्हणणे खरे होते असे मी मानतो.

सागाला साधारणपणे 1250 ते 2500 मिलिमीटर पाऊस, त्यानंतर तीन ते पाच महिन्यांचा कोरडा काळ आणि निचरा होणारी खोल जमीन मानवते. पेठ-सुरगाण्याकडे हे जुळते; निफाडला त्याच्या निम्माही पाऊस नसतो, आणि ठिबकने पाणी देता आले तरी जमिनीचा निचरा बदलत नाही. केरळात निलंबूरला 1840च्या दशकापासून साग लावला जातो आणि आपल्याकडील वनखात्यांच्या लागवडीत तो 50 वर्षे किंवा त्याहून अधिक काळ राखण्याची रीत आहे. कोस्टा रिका आणि पनामा येथे उष्ण हवा, भरपूर पाऊस आणि वेळेवर केलेली विरळणी यांमुळे तो 20 ते 25 वर्षांत तोडतात, मात्र त्यात जुन्या सागाइतका गाभा नसतो. इतर झाडांचेही तसेच आहे: फिनलंडमध्ये वाढीचा हंगाम आखूड असल्याने पाइनला 70 वर्षांहून अधिक काळ लागतो, तर मूळचा कॅलिफोर्नियातील रेडिएटा पाइन न्यूझीलंडच्या सौम्य हवेत 25 ते 30 वर्षांत तोडणीला येतो.

वेगाने वाढलेला साग ठिसूळच असतो असे मात्र नाही. त्याची घनता फारशी घटत नाही, उणीव राहते ती वयाबरोबर भरणाऱ्या गाभ्याची. आपल्याकडे मुरमाड, निचऱ्याचा बांध असेल तर तेथे अवश्य लावावा, सातबाऱ्यावर झाडांची नोंद करून घ्यावी, आणि तोडीची परवानगी व वाहतूक पास हाती येईपर्यंत व्यापाऱ्याकडून आगाऊ रक्कम घेऊ नये.