ऑनलाइन गेममध्ये मुलीचा आवाज ऐकला की वागणूक खरंच बदलते का?

हो, आणि ते मोजूनही झालंय. 'हेलो ३' या गेममध्ये संशोधकांनी तीच साधी वाक्यं कधी पुरुषाच्या, कधी बाईच्या आवाजात रेकॉर्ड करून वाजवली. बाईच्या आवाजाला तिप्पट वाईटसाईट ऐकावं लागलं! २०१५ मध्ये कासुमोविक आणि कुझ्नेकॉफ या संशोधकांनी आणखी एक गोष्ट दाखवली: जास्त त्रास देणारे बहुतेक कच्चे खेळाडू होते, चांगले खेळणारे बाईच्या आवाजातल्या खेळाडूशी नीट वागत होते.

'मुलींनी माइक बंद ठेवावा' हा सल्ला मला अजिबात पटत नाही. स्क्वॉडमध्ये, म्हणजे आपल्या टीममध्ये, 'शत्रू मागून येतायत' एवढंही वेळेवर सांगता आलं नाही, तर सगळ्यांचाच डाव जातो. शिवी देणाऱ्याला लगेच म्यूट करा, रिपोर्ट करा. आणि टीममधल्या मुलांनो, अशा वेळी गप्प बसू नका.