वीज गेल्यावर लिनक्सचे जर्नल काय वाचवते आणि काय वाचवत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: ईएक्सटी४ फाइल सिस्टीम (डिस्कवर फाइली कशा मांडायच्या हे ठरवणारी लिनक्सची पद्धत) असलेल्या कॉम्प्युटरवर अहवाल लिहीत असताना वीज गेली, पुन्हा सुरू करताना पडद्यावर ‘रिकव्हरिंग जर्नल’ अशी ओळ दिसली, कॉम्प्युटर नेहमीसारखा सुरूही झाला, पण सेव्ह केलेल्या अहवालातला शेवटचा भाग मात्र सापडला नाही, मग या जर्नलचा, म्हणजे बदलांची आधी नोंद ठेवणाऱ्या यंत्रणेचा, उपयोग काय? सर्व्हर सांभाळणे हे माझे रोजचे काम असल्याने हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. जर्नलने आपले काम चोख केले आहे, परंतु ते काम फाइल सिस्टीमची रचना शाबूत ठेवण्याचे आहे. तुमचा मजकूर वेळेत डिस्कवर पोहोचवण्याची हमी त्यात येत नाही.

रचना म्हणजे काय, हे एका साध्या क्रियेवरून स्पष्ट होईल. फाइलच्या शेवटी चार किलोबाइट मजकूर जोडायचा असेल तर डिस्कवर किमान तीन निरनिराळ्या ठिकाणी लिहावे लागते: मजकूर ज्यात राहणार तो नवा ब्लॉक (डिस्कवरचा ठरावीक आकाराचा तुकडा), कोणते ब्लॉक वापरात आहेत याची नोंद ठेवणारा बिटमॅप, आणि फाइलचा आकार व तिचे ब्लॉक कुठे आहेत हे सांगणारा आयनोड. ही तिन्ही लेखने एका क्षणी होत नाहीत. फक्त बिटमॅप लिहून झाला आणि वीज गेली, तर एक ब्लॉक कोणाचाच नसताना अडकून पडतो, नुकसान किरकोळ. मात्र आयनोड लिहून झाला आणि बिटमॅप राहिला, तर फाइल ज्या ब्लॉकवर हक्क सांगते तोच ब्लॉक नोंदीत मोकळा दिसतो, पुढे तो दुसऱ्या फाइलला दिला जातो, आणि दोन फाइली नकळत एकमेकींचा मजकूर पुसू लागतात. हा बिघाड त्या दिवशी लक्षातही येत नाही, म्हणूनच तो सर्वांत घातक.

१९९३ साली आलेल्या ईएक्सटी२ मध्ये यावर एकच उपाय होता. कॉम्प्युटर नीट बंद झाला नसेल तर पुढच्या वेळी एफएससीके हा प्रोग्राम सगळे आयनोड, सगळ्या डिरेक्टऱ्या (फोल्डर) आणि बिटमॅप यांचा ताळमेळ पहिल्यापासून तपासत असे, आणि ज्यांचे नावच हरवले आहे अशा फाइली ‘लॉस्ट+फाउंड’ डिरेक्टरीत नुसत्या क्रमांकांनी टाकत असे. डिस्क मोठी तितका वेळ जास्त. सर्व्हर तोवर बंद. स्टीफन ट्वीडी यांनी १९९८ मध्ये ईएक्सटी२ला जर्नल जोडण्याची रचना मांडली, ती ईएक्सटी३ या नावाने नोव्हेंबर २००१ मध्ये लिनक्स कर्नलच्या (सिस्टीमच्या गाभ्याच्या) २.४.१५ आवृत्तीत आली, आणि आज तुम्ही वापरता ते ईएक्सटी४ डिसेंबर २००८ मधल्या २.६.२८ आवृत्तीपासून स्थिर मानले गेले.

जर्नल ही डिस्कवरचीच एक राखीव जागा असते; ईएक्सटी४ मध्ये ती सहसा आठव्या क्रमांकाच्या आयनोडची, डिरेक्टरीत न दिसणारी फाइल असते. एकमेकांशी निगडित बदलांचा एक गट केला जातो, त्याला ट्रान्झॅक्शन म्हणतात. आधी जर्नलमध्ये एक वर्णन-ब्लॉक लिहिला जातो, पुढे येणाऱ्या प्रती डिस्कवरच्या कोणत्या जागांच्या आहेत हे त्यात असते. मग बदललेल्या ब्लॉकांच्या पूर्ण प्रती. आणि हे सारे सुखरूप पोहोचल्यावरच शेवटी कमिट-ब्लॉक, म्हणजे गट पूर्ण झाल्याची खूण. त्यानंतर सवडीने तेच ब्लॉक आपापल्या मूळ जागी लिहिले जातात. वीज कोणत्याही क्षणी गेली तरी पुढच्या वेळी निर्णय सोपा असतो: ज्या ट्रान्झॅक्शनचा कमिट-ब्लॉक सापडतो त्यातल्या प्रती मूळ जागी उतरवायच्या, ज्याचा सापडत नाही ते ट्रान्झॅक्शन सोडून द्यायचे. तुम्हाला दिसलेली ओळ याच कामाची होती. प्रती संपूर्ण ब्लॉकच्या असल्यामुळे ही दुरुस्ती चालू असतानाच पुन्हा वीज गेली तरी बिघडत नाही. तेच काम पुन्हा केले की निकाल तोच येतो. शिवाय लागणारा वेळ जर्नलच्या आकारावर ठरतो, डिस्कच्या नव्हे.

यातला एक बारकावा मला फार मोलाचा वाटतो. समजा एका डिरेक्टरीच्या ब्लॉकची प्रत जर्नलमध्ये आहे, नंतर ती डिरेक्टरी तुम्ही काढून टाकली आणि तोच ब्लॉक एखाद्या छायाचित्राच्या फाइलला मिळाला. आता वीज गेली आणि जर्नल आंधळेपणाने उतरवले, तर जुन्या डिरेक्टरीची प्रत नव्या छायाचित्रावर बसेल. हे टाळण्यासाठी जर्नलमध्ये ‘रिव्होक’ नावाची नोंद केली जाते: या ब्लॉकची याआधीची कोणतीही प्रत आता वापरू नये. दुरुस्तीच्या वेळी अशा नोंदी आधी गोळा केल्या जातात आणि मगच प्रती उतरवल्या जातात.

आता तुमच्या हरवलेल्या मजकुराकडे येतो. ईएक्सटी४ सहसा ‘ऑर्डर्ड’ पद्धतीने चालते. त्यात जर्नलमध्ये फक्त मेटाडेटा जातो, म्हणजे वर सांगितलेले बिटमॅप, आयनोड आणि डिरेक्टऱ्या. फाइलचा मजकूर थेट आपल्या जागी लिहिला जातो, आणि तो लिहून झाल्याशिवाय त्याच्याशी संबंधित ट्रान्झॅक्शन कमिट होत नाही. त्यामुळे नव्या फाइलमध्ये कोणाच्या तरी जुन्या, पुसलेल्या फाइलचे तुकडे दिसत नाहीत. परंतु कमिट दर पाच सेकंदांनी होते म्हणून मजकूरही पाच सेकंदांत सुरक्षित होतो, हा समज चुकीचा आहे. ईएक्सटी४ मजकुरासाठी जागा ठरवण्याचे काम मुद्दाम लांबणीवर टाकते, जेणेकरून सलग जागा मिळावी. तोपर्यंत मजकूर मेमरीतच असतो, आणि नेहमीच्या सेटिंगमध्ये तो तीस सेकंदांच्या आसपास तिथेच राहू शकतो. या अवधीत वीज गेली की रचना निर्दोष राहते आणि मजकूर जातो.

याच कारणाने २००९ च्या सुमारास अनेकांच्या सेटिंगच्या फाइली वीज गेल्यानंतर शून्य आकाराच्या झाल्या होत्या. प्रोग्राम नवी फाइल लिहून तिला जुन्या फाइलचे नाव देत; नावातला बदल कमिट होई, पण मजकूर अजून मेमरीत असे. तेव्हा ईएक्सटी४चे प्रमुख विकसक थिओडोर त्सो यांनी कर्नलमध्ये अशा बदलांसाठी खास तजवीज केली, आणि त्याचबरोबर प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी ‘एफसिंक’ (फाइलचा मजकूर लगेच डिस्कवर लिहायला लावणारी आज्ञा) वापरावे असा आग्रह धरला. त्यांचा आग्रह मला पूर्णपणे योग्य वाटतो. मजकूर तात्पुरत्या फाइलमध्ये लिहावा, तिच्यावर एफसिंक करावे, मग नाव बदलावे आणि शेवटी डिरेक्टरीवरही एफसिंक करावे, हाच खात्रीचा क्रम आहे.

वेग वाढवण्यासाठी ‘नोबॅरिअर’ हा पर्याय लावण्याचा सल्ला इंटरनेटवर अजूनही आढळतो. कृपया तो मानू नका. डिस्कची स्वतःची कॅश (तात्पुरती मेमरी) असते आणि ती लेखनाचा क्रम बदलू शकते. कमिट-ब्लॉक आधी आणि त्यातल्या प्रती नंतर लिहिल्या गेल्या तर जर्नलचा सारा आधारच निखळतो. बॅरिअर चालू असताना कर्नल डिस्कला ती कॅश योग्य क्षणी रिकामी करायला लावतो. बॅटरी असलेला, म्हणजे वीज गेली तरी कॅशमधला मजकूर टिकवणारा, डिस्क कंट्रोलर नसेल तर बॅरिअर बंद करणे म्हणजे जर्नल असून नसल्यासारखे आहे.

मजकूरही जर्नलमधून नेणारी ‘डेटा=जर्नल’ ही पद्धत उपलब्ध आहे. तिच्यात सगळे दोनदा लिहिले जाते, त्यामुळे घरच्या कॉम्प्युटरसाठी मी ती सुचवणार नाही. खराब झालेले सेक्टर, चुकून पुसलेली फाइल किंवा डिस्कवर हळूहळू बदललेले बिट यांपासून कोणतेच जर्नल वाचवत नाही. त्यासाठी वेगळ्या डिस्कवरचा बॅकअपच लागतो.

तुमच्या बाबतीत आता एवढे करावे. कर्नलच्या नोंदींमध्ये त्या डिस्कविषयी आणखी एरर आहेत का ते पाहा. असतील तर लाइव्ह पेनड्राइव्हवरून (ज्यावरून लिनक्स थेट सुरू होते अशा) कॉम्प्युटर सुरू करून एफएससीके चालवा, माउंट असलेल्या, म्हणजे वापरासाठी जोडलेल्या, फाइल सिस्टीमवर कधीही नाही. अहवाल लिब्रेऑफिसमध्ये लिहीत असाल तर तो प्रोग्राम पुन्हा उघडल्यावर स्वतःहून जपून ठेवलेली प्रत देऊ करतो का ते तपासा, आणि ती ठेवण्याचा अवधी सेटिंगमध्ये कमी करा. महत्त्वाची फाइल सेव्ह केल्यावर टर्मिनलमध्ये ‘सिंक’ हा आदेश दिला तर मेमरीत थांबलेला मजकूर लगेच डिस्कवर जातो. पेनड्राइव्ह बहुधा फॅट किंवा एक्सफॅट प्रकारचा असतो आणि त्यात असे जर्नल नसते, तेव्हा तो अनमाउंट केल्याशिवाय काढू नका.