विद्यार्थ्यांच्या गावातले चर्च गावाबाहेर किती पोहोचू शकते?

आपला प्रश्न असा आहे की, ज्या गावात निम्मी मंडळी विद्यार्थ्यांची असते आणि काही वर्षांत निघून जाते, तिथल्या लहान चर्चचे सेवाकार्य कधी खोलवर रुजते का, आणि इतिहासात त्याचे एखादे ठोस उदाहरण सापडते का. माझ्या मते अमेरिकेच्या ओहायो राज्यातील ओबर्लिन येथील फर्स्ट चर्च हे असे उदाहरण आहे. तिथल्या कार्याचा पसारा वाढला तो माणसे निघून जात असूनही नव्हे, तर ती निघून जात होती म्हणूनच.

जॉन शिपर्ड आणि फिलो स्ट्युअर्ट यांनी 1833 मध्ये जंगल तोडून गाव आणि विद्यालय एकदमच वसवले, आणि पुढच्याच वर्षी काँग्रिगेशनल पंथाची (प्रत्येक मंडळी आपला कारभार स्वतः पाहते असा प्रोटेस्टंट पंथ) मंडळी, म्हणजेच हे चर्च, स्थापन झाली. त्याच सुमारास ओहायोतल्याच सिनसिनाटी शहरातील लेन सेमिनरी या धर्मशिक्षण संस्थेतील विद्यार्थ्यांनी गुलामगिरीवर उघड वादविवाद केले. तिथल्या विश्वस्तांनी अशा वादविवादांवर बंदी घातल्यावर बहुतेक विद्यार्थी बाहेर पडले. ओबर्लिनने त्यांना आपल्याकडे घ्यायचे ठरवले तेव्हा कृष्णवर्णीयांना प्रवेश देण्याचा प्रश्न आला. फेब्रुवारी 1835 मध्ये ओबर्लिनच्या विश्वस्तांची मते समसमान पडली आणि अध्यक्ष जॉन कीप यांनी आपले निर्णायक मत प्रवेशाच्या बाजूने टाकले. इतक्या काठावरच्या निर्णयावर पुढचा सगळा इतिहास उभा आहे, हे मला नेहमी विलक्षण वाटते.

याच वर्षी प्रसिद्ध धर्मोपदेशक चार्ल्स फिनी अध्यापक म्हणून आले आणि 1837 पासून 1872 पर्यंत चर्चचे पाळक (धर्मगुरू) राहिले. सुरुवातीला मोठ्या सभांसाठी शंभर फूट व्यासाचा तंबू उभारला जाई आणि त्यावर ‘परमेश्वरासाठी पवित्र’ अशा शब्दांची पताका फडके. आजची विटांची इमारत 1842 ते 1844 या काळात बांधली गेली, आणि उपासनेबरोबरच कॉलेजचे समारंभ व गावाच्या सभाही तिथेच भरत. फिनींची भूमिका मात्र आपण समजतो तितकी सरळ नव्हती. गुलामगिरीला त्यांचा विरोध होता, पण आधी माणसाचे हृदयपरिवर्तन आणि त्यातून समाजसुधारणा, हा क्रम उलटू नये असा त्यांचा आग्रह असे. त्यांच्या काही विद्यार्थ्यांना हा क्रम मान्य नव्हता.

चर्चचे कार्य म्हणजे प्रत्यक्षात काय, हे 1858 मध्ये दिसले. केंटकी राज्यातील गुलामगिरीतून पळून ओबर्लिनमध्ये राहत असलेल्या जॉन प्राइस या तरुणाला 13 सप्टेंबर रोजी कामाचे आमिष दाखवून गावाबाहेर नेण्यात आले आणि गुलाम पकडणाऱ्यांनी त्याला जवळच्या वेलिंग्टन गावातील एका हॉटेलात डांबले. बातमी पोहोचताच गावातले गोरे-काळे लोक, विद्यार्थी आणि अध्यापक तिकडे धावले, त्याला सोडवून आणले, आणि पुढे कॅनडाला पाठवेपर्यंत तो अध्यापक जेम्स फेअरचाइल्ड यांच्या घरी लपून राहिला. फेअरचाइल्ड इतके शांत आणि मवाळ गृहस्थ होते की, त्यांच्या घरावर कोणाला संशय येणेच कठीण होते. पळालेल्या गुलामाला सोडवणे तेव्हा कायद्याने गुन्हा होता, म्हणून सदतीस जणांवर आरोप ठेवले गेले. त्यांतील सायमन बुशनेल आणि चार्ल्स लँग्स्टन या दोघांचेच खटले चालले आणि दोघेही दोषी ठरले. आरोपींमध्ये संडे स्कूलचे (चर्चमधील मुलांच्या रविवारच्या धर्मशिक्षण वर्गाचे) प्रमुख, पुस्तकविक्रेते जेम्स फिच होते. त्यांना भेटायला संडे स्कूलची मुले क्लीव्हलंडच्या तुरुंगापर्यंत गेली. प्राध्यापक हेन्री पेक यांनी तर तुरुंगातूनच बाहेर जमलेल्या लोकांना प्रवचन दिले. अखेर गुलाम पकडणाऱ्यांवरच अपहरणाचे आरोप लागले, दोन्ही बाजूंनी खटले मागे घेण्याची तडजोड झाली आणि जुलै 1859 मध्ये आरोपी घरी परतले.

आता आपल्या प्रश्नाच्या गाभ्याकडे येतो. गाव सोडून जाणारे विद्यार्थी नुसते पांगले नाहीत. 1846 मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन मिशनरी असोसिएशनचे अनेक कार्यकर्ते ओबर्लिनचे होते, आणि यादवी युद्धानंतर याच संस्थेने मुक्त झालेल्या गुलामांसाठी दक्षिणेत शाळा व कॉलेजे काढली. नॅशव्हिलचे फिस्क विद्यापीठ त्यांपैकीच एक. मला सर्वांत लक्षात राहिली आहे ती सारा मार्ग्रू किन्सन. आमिस्टाड या गुलाम म्हणून विकलेल्या आफ्रिकनांना नेणाऱ्या जहाजावरून लहानपणी अमेरिकेच्या किनाऱ्याला लागलेली ही मुलगी सिएरा लिओनला परतली, तिथून शिक्षणासाठी ओबर्लिनला आली आणि 1849 मध्ये शिक्षिका म्हणून पुन्हा आफ्रिकेला गेली.

दारूबंदीच्या चळवळीतही हे गाव होते. दारूचे गुत्ते बंद करण्यासाठी झटणाऱ्या अँटी-सलून लीग या संघटनेची सुरुवात 1893 मध्ये इथलीच. पण त्या लढ्यातून आलेला कायदा 1933 मध्ये रद्द झाला, म्हणून त्याविषयी अधिक लिहीत नाही.

या कार्याला मर्यादाही होत्या, आणि त्या सांगितल्याशिवाय उत्तर प्रामाणिक होणार नाही. अँटॉइनेट ब्राउन यांनी 1850 मध्ये इथला धर्मशास्त्राचा अभ्यासक्रम पुरा केला. स्त्रियांनी मंडळीत मौन धरावे या बायबलमधील प्रेषित पौलाच्या वचनाचा वेगळा अर्थ लावणारा त्यांचा लेख ओबर्लिनच्याच नियतकालिकाने छापला, तरी पदवी आणि प्रवचनाचा परवाना त्यांना नाकारण्यात आला. 1853 मध्ये त्यांची पाळक म्हणून दीक्षा झाली ती न्यूयॉर्क राज्यातील साउथ बटलर या खेडेगावात. ओबर्लिनने त्यांना धर्मशास्त्रातील सन्माननीय डॉक्टरेट दिली तेव्हा साल होते 1908, आणि त्यांचे वय 83.