आयडलला टक टक, आणि गॅरेजवाला म्हणतो ‘इंजिन खोलू’

प्रश्न : माझी पेट्रोल हॅचबॅक सात वर्षांची आहे, ८४,००० किलोमीटर झालेत. महिनाभर सिग्नलला उभी असताना बॉनेटखालून टक टक आवाज येतो. एसी लावला की वाढतो, रेस दिली की जवळजवळ जातो. गॅरेजमध्ये सांगतात, इंजिन खोलावं लागेल. खोलू द्यावं का? – एक वाचक, भांडुप

उत्तर : एवढ्यात नाही. तुमच्या लक्षणांवरून संशय इंजिनाच्या आतल्यापेक्षा बाहेरच्या भागांवर जास्त जातो. कनेक्टिंग रॉडचं (पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्याचं) बेअरिंग झिजलं की इंजिन सहसा उलट वागतं: आयडलला (रेस न देता इंजिन चालू असताना) आवाज दबका, आणि दोन हजार आरपीएमपर्यंत रेस देऊन सोडली की जड ठोके स्पष्ट.

तरी पहिली नजर ऑइलवरच टाका. गाडी सपाट जागेवर घ्या, सोसायटीच्या उतारावर मोजलेलं खरं नसतं. इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा, डिपस्टिक पुसून पुन्हा घाला आणि बघा. बहुतेक लहान गाड्यांत खालच्या खुणेपासून वरच्या खुणेपर्यंत साधारण एक लिटरचा फरक असतो. कमी असेल तर मॅन्युअलमध्ये दिलेल्याच ग्रेडचं ऑइल थोडं थोडं घालत वरच्या खुणेपर्यंत आणा, त्यापुढे नको.

मग खाली वाकून चेंबर, म्हणजे इंजिनाच्या तळाचं ऑइलचं भांडं, बघा. मुंबईच्या खड्ड्यांत आणि उंच स्पीडब्रेकरवर घासून चेंबरचा पत्रा आत दबतो आणि ऑइल ओढणाऱ्या जाळीला जाऊन टेकतो. डिपस्टिकवर ऑइल भरपूर दिसतं, पण पंपाला पुरेसं मिळत नाही. कधी दबलेल्या पत्र्याला क्रँक (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) घासूनही ठोके येतात. असा चेंबर बाहेरून ओढून सरळ करू नका. उतरवून जाळी साफ करा, गरज असेल तर चेंबरच बदला.

आता एसी. तो लावल्यावर कॉम्प्रेसरचा क्लच ‘टक’ करून बसतो आणि इंजिनावर भार येतो. आवाज त्याच क्षणी वाढत असेल तर दोन संशयित: एसी आणि अल्टरनेटर फिरवणाऱ्या बाहेरच्या बेल्टवरचा एखादा भाग, नाहीतर इंजिनाचं फाउंडेशन, म्हणजे इंजिन ज्या रबरी आधारांवर बसतं ते. बेल्टची खात्री अशी करा. इंजिन बंद करून बेल्ट काढा, प्रत्येक पुली हाताने फिरवून खरखर किंवा ढिलेपणा लागतो का बघा. मग बेल्टशिवाय फक्त अर्धा मिनिट इंजिन चालवा. बऱ्याच गाड्यांत वॉटर पंपही याच बेल्टवर असतो, म्हणून जास्त नको. कॅमशाफ्ट फिरवणाऱ्या टायमिंग बेल्टला मात्र हात लावू नका. आवाज गेला तर टेन्शनर, आयडलर, अल्टरनेटर किंवा कॉम्प्रेसरच्या पुलीचं बेअरिंग बदलून काम होतं. तरीही येत असेल तर फाउंडेशनचं रबर तपासा: चिरलेलं, बसलेलं, तेलाने फुगलेलं. रबर गेलं की आयडलच्या हादऱ्यात इंजिन ब्रॅकेटवर आपटतं. रेस वाढली की तोच आवाज दबतो. सायलेन्सरवरचा हीटशील्डचा पत्राही असाच वाजतो. थंड असताना हाताने हलवून बघा, सैल असेल तर मोठी स्टीलची क्लिप पुरते.

इथेही काही सापडलं नाही, तरच आत शिरायचं. आवाज मोजा. व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, त्यामुळे ८०० आरपीएमला एका टॅपेटची (कॅमशाफ्ट आणि व्हॉल्व्हमधल्या भागाची) टिकटिक सेकंदाला सहा-सात वेळा, म्हणजे कानाने मोजता येईल इतकी येते. रॉडचा ठोका त्याच्या दुप्पट. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक हेडवर (इंजिनाच्या वरच्या भागावर), मग ब्लॉकवर (मधल्या भागावर), मग चेंबरजवळ टेकवा आणि मूठ कानामागच्या हाडाला लावा (बाही आणि ओढणी बेल्टपासून दूर). जिथे आवाज कडक येतो, तिथेच मूळ. नंतर एकेका सिलेंडरच्या, पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरचा कनेक्टर काही सेकंद काढून बघा. एखादा काढल्यावर ठोका बराच कमी झाला तर त्या सिलेंडरचा रॉड किंवा पिस्टन दोषी. चेक इंजिनचा दिवा लागेल, तो स्कॅनरने घालवा.

खोलण्याआधी मेकॅनिककडे एकच आग्रह धरा: ऑइल प्रेशर स्विच काढून तिथे गेज लावायचा आणि इंजिन तापल्यावर ऑइलचा दाब मोजायचा. गरम आयडलला दहा पीएसआयच्या खाली जात असेल तर गंभीर, नेमका आकडा मॅन्युअलमधला धरा. डॅशबोर्डवरचा लाल दिवा फार उशिरा लागतो. तो लागला की गाडी तिथेच बंद करा, टो करून न्या.

प्रश्न : हिंदमाताजवळ साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली. प्लग काढून पाणी काढल्यावर सुरू झाली, पण तेव्हापासून ठक ठक येते. – एक वाचक, परळ

उत्तर : चालवू नका. पाणी दाबलं जात नाही. सिलेंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर आला की कनेक्टिंग रॉड वाकतो. वाकलेला रॉड आखूड होतो, त्यामुळे त्या सिलेंडरचं कम्प्रेशन इतरांपेक्षा कमी मिळतं आणि पिस्टन वर आल्यावरही बाकीच्यांच्या खाली राहतो. हे प्लगच्या भोकातूनच मोजता येतं, हेड उतरवायची गरज नाही. रॉड सरळ करून बसवू नका, नवाच घाला आणि त्याबरोबर बेअरिंग व बोअर (सिलेंडरची आतली भिंत) तपासा. ऑइल दुधाळ झालं असेल तर ते फिल्टरसकट बदला आणि थोडं चालवून पुन्हा बदला. आणि इंजिन खोलण्याआधी विमा कंपनीला कळवा, सर्व्हेअरने बघितल्याशिवाय नटाला हात लावू देऊ नका. साध्या पॉलिसीत असं नुकसान सहसा बसत नाही, इंजिन प्रोटेक्शनचं कव्हर घेतलंय का ते बघा.

प्रश्न : डिझेल गाडीत आयडलला खडखड येते, क्लच दाबला की थांबते. – एक वाचक, बोरिवली

उत्तर : इंजिन बहुधा ठीक आहे. गिअरबॉक्सचं इनपुट शाफ्ट बेअरिंग किंवा ड्युअल मास फ्लायव्हील (इंजिनाचे हादरे शोषणारं दोन भागांचं जड चाक) बघा. इंजिन बंद करताना गाडी जोरात हादरत असेल तर फ्लायव्हीलच धरा. दाबल्यावर आवाज सुरू होत असता तर रिलीज बेअरिंग (क्लच दाबल्यावर तो सोडवणारं) असतं. कशासाठीही गिअरबॉक्स खाली उतरवला तर क्लच सेट आणि रिलीज बेअरिंग त्याच वेळी बदला, कारण उतरवण्याची मजुरीच मोठी असते.