सही करून बसले, आता मुलाचा खर्च मागता येईल का?

प्रश्न : मी नागपूरला हुडकेश्वर भागात राहते. २०२१ मध्ये आमचा परस्पर संमतीने घटस्फोट झाला. तेव्हा इतकी थकले होते की, ‘मुलाचा सगळा खर्च मी करीन, काही मागणार नाही’ असं लिहिलेल्या कागदावर सही करून मोकळी झाले. पोरगा आता तेरा वर्षांचा आहे, आठवीत शिकतो. मी इतवारीत साड्यांच्या दुकानात काम करते, महिन्याला १२ हजार मिळतात. त्याचे वडील बुटीबोरीला एका कंपनीत सुपरवायझर आहेत. फीचा विषय काढला की म्हणतात, ‘सही केली आहेस, आता कोर्टही ऐकणार नाही. आणि कोर्टात गेलीस तर मी त्याला भेटायला येणार नाही.’ मला स्वतःसाठी एक रुपया नको. वकील करायची ऐपत नाही. सुट्टी फक्त सोमवारी असते. काय करू?
– एक आई

उत्तर : ताई, ‘सही करून मोकळी झाले’ हे वाक्य मी इथल्या कौटुंबिक न्यायालयात वकिली करताना इतक्या जणींकडून ऐकलं आहे की, तुमचं पत्र वाचताना समोर बसून बोलल्यासारखंच वाटलं. त्या सहीने तुम्ही तुमचा हक्क सोडला असेल. मुलाचा हक्क सोडायचा अधिकार तुम्हाला नव्हताच. पोटगी त्याची आहे, तुम्ही ती त्याच्या वतीने मागता. ती अट त्याला बांधत नाही.

अर्ज करायचा तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली. १ जुलै २०२४ च्या आधी हेच फौजदारी प्रक्रिया संहितेतलं कलम १२५ होतं. कोर्टाच्या आवारात अजूनही सगळे ‘एकशे पंचवीस’च म्हणतात, गोंधळू नका. तुम्ही नागपुरात राहता, म्हणून अर्ज इथल्या कौटुंबिक न्यायालयातच चालतो.

वकिलाची चिंता सोडा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रिया आणि मुलांना मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची मर्यादा नाही. सिव्हिल लाइन्सला जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, तिथे साधा अर्ज द्या. आधी फोनवर विचारायचं असेल तर १५१०० हा क्रमांक आहे. फुकटचा वकील म्हणजे दुय्यम वकील, असा समज करून घेऊ नका. मात्र प्रत्येक तारखेआधी त्यांना स्वतः जाऊन भेटा.

मुलाच्या वडिलांचा पगार तुम्हाला नेमका माहीत नसेल, तरी अडत नाही. नागपूरच्याच एका कुटुंबाचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. इथल्या कौटुंबिक न्यायालयाने त्यात मुलाला अंतरिम पोटगी (अंतिम निकाल लागेपर्यंतची) म्हणून आधी दरमहा ५ हजार आणि पुढे १० हजार ठरवले होते. ४ नोव्हेंबर २०२० च्या त्या निकालाने देशभरासाठी दोन गोष्टी पक्क्या केल्या. दोघांनीही उत्पन्न, मालमत्ता आणि कर्ज यांचं शपथपत्र द्यायचं. आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची. म्हणजे अर्ज लांबवाल तेवढे महिने पोराचे गेले. तुमच्या शपथपत्रात ते १२ हजार स्पष्ट लिहा, लपवू नका. आई कमावते म्हणून बापाची जबाबदारी संपत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, खर्चाचा हिशेब. बायका फी आणि ट्यूशन लिहितात आणि थांबतात. घरभाड्यातला पोराचा वाटा कोण लिहिणार? किराणा, स्कूल व्हॅन, वर्षात दोनदा लहान होणारे बूट, दवाखाना? मार्च ते जून रात्रभर चालणाऱ्या कूलरचं वीजबिल? आजच एक वही घ्या आणि रोज लिहा. जमतील तेवढ्या पावत्या जपून ठेवा. अंतरिम पोटगीचा निर्णय नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत व्हावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा पडतात, तेवढी मनाची तयारी ठेवा.

भेटीच्या धमकीला घाबरू नका, आणि उलट तुम्हीही ‘पैसे नाहीत तर भेट नाही’ म्हणू नका. मुलाला भेटणं वेगळं, पोटगी वेगळी. कौटुंबिक न्यायालयातल्या समुपदेशकांसमोर हे बोलणं निघेलच, तिथे शांतपणे सांगा की वडिलांनी यावं, पोराला त्यांची ओढ आहे.

हुकूम झाल्यावर रक्कम बँक खात्यातच घ्या, हातात रोख नको. हप्ता थकला तर वसुलीचा अर्ज एका वर्षाच्या आत करावा लागतो. माझ्याकडे आलेली एक आई ‘आज देतील, उद्या देतील’ म्हणत तीन वर्षं थांबली होती. जुन्या थकबाकीसाठी वॉरंट काढून वसुली करण्याचा मार्ग तिला बंद झाला, ते मला आजही सलतं. तुम्ही दोन-तीन हप्ते चुकले की लगेच वकिलांना सांगा.

येत्या सोमवारी विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जायला निघा. घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत, मुलाचा जन्मदाखला, तुमचं आणि मुलाचं आधार, फीच्या पावत्या आणि तुमचं पासबुक, प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स. सकाळी अकरापर्यंत पोहोचा, दुपारी गर्दी होते.