मासळीचे वार आणि साडेसातची घाई

प्रश्न : नमस्कार काकू. मी मूळची साताऱ्याची, लग्न होऊन मालवणी घरात आले. आम्ही दोघंही नोकरी करतो, घरी पोहोचेपर्यंत साडेसात वाजतात. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा चारचा. सासूबाई आल्या की मासे होतात. एरवी काट्याच्या धास्तीनं मी त्यांच्या वाटेला जात नाही. मुलांना तिखट सोसत नाही. रात्री झटपट काय करता येईल? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : घाटावरच्या सुनेनं आपणहून मासळीचं नाव काढलं, सासूबाई आतून खूश असणार!

रात्रीची घाई रात्री सुटत नाही, ती बाजारातच सोडवावी लागते. सोमवार, गुरुवार, शनिवार आणि बाप्पाचा मंगळवार पाळत असाल, तर मधले बुधवार नि शुक्रवारच उरतात. त्यांची सोय रविवारी सकाळी करून ठेवा. कोळणीला स्पष्ट सांगा, ‘मावशी, लहान पोरं आहेत, पोटाकडची तुकडी नको, पाठीकडची द्या.’ ती कुरकुरेल, पण देईल. कोळंबी सोलून आणि पाठीतला काळा धागा काढूनच घ्या. दहावीस रुपये जास्त गेले तर जाऊ देत. घरी आल्यावर धुऊन, पाणी नीट निथळून, हळद-मीठ चोळायचं आणि एका जेवणापुरतीच एकेक पुडी पसरट करून फ्रीजरमध्ये टाकायची. बुधवारी सकाळी निघताना पुडी खालच्या कप्प्यात आणली की संध्याकाळपर्यंत मऊ झालेली असते. ओट्यावर दिवसभर ठेवू नका, आणि एकदा सुटलेली मासळी पुन्हा गोठवू नका.

आता मासा कुठला? चार वर्षांच्या मुलाला सुरमई किंवा रावस सोपा. मधला मणका दिसतो, तो काढला की बाकीचं काम बोटांचं. तरी घास भरवण्याआधी बोटांनी चाचपायचाच. मात्र सुरमई, मुशी अशा मोठ्या शिकारी माशांत पारा साठतो, त्यामुळे मुलांना ते वरचेवर नकोत. मुडदुशे मिळाले तर सोडू नका. आमच्याकडे बाळंतिणीला, आजाऱ्याला त्यांचंच सार देतात, इतका हलका मासा. बांगडा गुणी, स्वस्त, पण धाकट्याला थोडं थांबून द्या. मांदेली मोठ्यांसाठी.

मुलांसाठी वेगळा स्वयंपाक करायचा नाही, हा माझा हट्ट आहे. पातेलं एकच. कांदा तेलात मऊ करा, आलं-लसूण, हळद, चिमूटभर धणेपूड घाला. वाटीभर पाणी घालून उकळी आली की तुकड्या सोडा. पाचसहा मिनिटांत मासा शिजतो. डावानं ढवळू नका, पातेलंच हलवा, नाहीतर तुकड्यांचा भुगा होईल. मग आच अगदी मंद करून नारळाचं जाड दूध घाला. खळखळ उकळलं की ते फुटतं. गॅस बंद केल्यावर दोन आमसुलं टाका. मुलांच्या वाट्या भरून बाजूला ठेवा. आता कढल्यात तेल, ठेचलेला लसूण, गॅस बंद करून चमचाभर मालवणी मसाला, आणि ती चरचरीत फोडणी उरलेल्या कालवणावर ओता. नवऱ्याची तक्रार येणार नाही. तोवर शेजारी कुकरमध्ये भात झालेला असतो.

शुक्रवारी कोळंबी भात. एक गोष्ट मात्र ऐका : कोळंबी कुकरमध्ये घालून शिट्ट्या करू नका. आधी तेलावर परता. ती अर्धी वळून गुलाबी झाली की काढा, याला तीनचार मिनिटं लागतात. पुरतं वेटोळं घातलं की वातड झालीच समजा. त्याच तेलात कांदा, टोमॅटो, तांदूळ परतून कुकर लावा. झाकण पडलं की कोळंबी वरून मिसळा आणि पाच मिनिटं झाकून ठेवा. मुलांना यात तिखट लागतच नाही, टोमॅटोची आंबटगोड चव पुरते.

जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा सोडे, म्हणजे सोलून सुकवलेली कोळंबी, आहेतच. कोमट पाण्यात पंधरावीस मिनिटं भिजवून, पिळून, बटाटा घालून खिचडी करा. सोडे खारट असतात, म्हणून मीठ शेवटी.

प्रश्न : काकू, आम्ही नागपूरला असतो. इथे रोहू-कटला सहज मिळतो. पण मुलाला एकदा काटा टोचला, तेव्हापासून तो मासा म्हटलं की तोंड फिरवतो. शिवाय वासही येतो म्हणतो. – एक वाचक, नागपूर

उत्तर : मुलाचं खरं आहे. रोहू-कटल्याच्या मांसात बारीक, दुफाटी काटे विखुरलेले असतात. ते कापताना निघत नाहीत, भल्याभल्यांना छळतात. बाजारात मरळ मागा. महाग पडते, पण तिच्यात ते बारीक काटे नसतात. मधला कणा काढला की झालं. नाहीतर गोठवलेला बासा. आम्हा किनाऱ्यावरच्या मंडळींना तो मिळमिळीत लागतो. मुलाची भीती घालवायला मात्र चांगला. बोटभर लांब पट्ट्या कापा, लिंबू-मीठ-हळद लावून दहा मिनिटं ठेवा, तांदळाच्या पिठात रवा मिसळून त्यात घोळवा आणि तव्यावर तळा. पट्ट्या पिठात त्यालाच घोळवू द्या, स्वतःच्या हातची कुरकुरीत पट्टी तो नाकारायचा नाही.

वासाचं म्हणाल तर लिंबू, आमसूल, चिंच यांतल्या आंबटामुळे तो बसतो, म्हणून तर जिथे मासा तिथे आंबट. पण कच्च्या मासळीला अमोनियासारखा उग्र दर्प असेल तर आंबट घालून उपयोग नाही. ती घेऊच नका. कल्ले उचलून बघा, लालभडक हवेत.

प्रश्न : रात्रीचं उरलेलं माशाचं कालवण दुसऱ्या दिवशी शाळेच्या डब्यात दिलं तर चालेल? – एक वाचक, पनवेल

उत्तर : नको. शिळ्या कालवणाची चव वाढते हे मान्य, पण ते रात्री लगेच फ्रीजमध्ये ठेवून, सकाळी खळखळून गरम करून घरीच खायचं. डबा मधल्या सुट्टीपर्यंत दप्तरात, आपल्याकडच्या उकाड्यात! शिवाय बऱ्याच शाळांत मांसाहारी डबा चालत नाही, तेही एकदा विचारून घ्या.